महाग ऑइल की स्वस्त? आधी बाटली उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोटी पेट्रोल कार आहे, गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय आणि फिल्टरसकट साडेतीन लिटर लागतं. नेहमीचा मिस्त्री म्हणतो, नऊशे रुपये लिटरचं इम्पोर्टेड फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घाला, इंजिन कधी उघडावं लागणार नाही. जीप चालवणारे मेहुणे म्हणतात, उगाच पैसे घालवू नका, बॅरलमधलं तीनशे रुपये लिटरचं २०डब्ल्यू-४० घाला. घरात एक स्प्लेंडरही आहे. कारमधलं उरलेलं महागडं ऑइल तिच्यात घातलं तर चालेल का?

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात, सव्वीस वर्षं इंजिनं उघडतोय. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कारमध्ये पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं आणि दर्जाचं, ओळखीच्या कंपनीचं, सीलबंद ऑइल घाला. आमच्याकडे ते पाचशे रुपये लिटरच्या आसपास मिळतं. नऊशेवालं योग्य ग्रेडमध्ये घेतलंत तर इंजिनाचं काही बिघडणार नाही, पण वरच्या चारशे रुपयांचा फायदा तुमच्या वापरात दिसणारही नाही. बॅरलमधलं मात्र नको. आणि स्प्लेंडरमध्ये कारचं ऑइल, स्वस्त असो की महाग, अजिबात घालू नका.

काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात माझ्या टेबलावर दोन इंजिनं आली. पहिलं वडापच्या, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या, जीपचं. गगनबावड्याकडे रोज फेऱ्या, आत माणसं किती ते सांगत नाही. चार लाख किलोमीटरच्या वर पडलेले. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलं म्हणून उघडलं. खाली चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, काढलं तर तळ स्वच्छ, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळीत, नव्या इंजिनात असतात त्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. ऑइल कोणतं? सरकारी तेल कंपनीचं साधं १५डब्ल्यू-४०, डिझेलसाठीच्या सीआय-४ प्लस दर्जाचं, म्हणजे त्याच्या इंजिनाला जे हवं नेमकं तेच. पण त्या माणसानं बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं प्रत्येक बदलीचे किलोमीटर लिहून ठेवले होते. दर सात हजाराला एक ओळ. एकही ओळ चुकलेली नव्हती.

दुसरं इंजिन शहरातल्या एका सुशिक्षित कुटुंबाच्या कारचं. सत्तर हजार किलोमीटर. बाजारातलं सगळ्यांत महाग सिंथेटिक घातलेलं, आणि विकणाऱ्यानं सांगितलेलं की हे वीस हजारांपर्यंत बघायलाच नको. म्हणून त्यांनी खरंच बघितलं नाही. सत्तावीस महिने तेच ऑइल होतं. गाडी रोज शाळा, भाजी मंडई, दवाखाना अशी दोन-तीन किलोमीटर चालायची. चेंबर उघडलं तेव्हा तळाशी डांबरासारखा गाळ होता आणि ऑइल खेचणाऱ्या पंपाची जाळी त्यानं बुजली होती. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, ऑइल पोहोचलंच नाही. बेअरिंगचे शेल खरवडून तांबं दिसायला लागलं होतं. क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागला. बिल त्यांच्या तीस वर्षांच्या ऑइलच्या खर्चाएवढं झालं. मालक सज्जन माणूस, बिचारा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "अहो, पण ऑइल तर सर्वांत भारी होतं ना?"

भारीच होतं. पण त्यात पाणी आणि पेट्रोल मिसळलं होतं, आणि त्यापुढे किमतीचं काही चालत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. वाफ होऊन बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांपासून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते ऑइलमधून उडून जातं. दोन किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. मग पाणी, न जळलेलं पेट्रोल आणि काजळी आतच साठत राहतात. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर दिसला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा आणि गाडी लगेच दाखवायची. म्हणून पुस्तकात 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण त्यातला किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवतात आणि वर्ष विसरतात. शहरात कमी चालणाऱ्या गाडीला वर्षच महत्त्वाचं.

आता बाटलीकडे येऊ. दुकानदार समोरची बाजू दाखवतो, तुम्ही ती उलटी करा. मागे दोन गोष्टी वाचायच्या: ग्रेड आणि दर्जा.

ग्रेड म्हणजे ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० वगैरे. हे आकडे अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले तरी बातमी होते, त्यामुळे हा आकडा आपल्या कामाचा नाही असं वाटतं. लेह किंवा स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी तो अगदी कामाचा आहे. इतरांसाठीही थोडा आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि पहाटे सेल्फ मारल्यावर ते वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत जितक्या लवकर पोहोचेल तितकी त्या पहिल्या काही सेकंदांतली झीज कमी. पंधरा अंशांनासुद्धा २०डब्ल्यू हे ५डब्ल्यूपेक्षा जाडच असतं.

दुसरा आकडा, म्हणजे ३० किंवा ४०, गरम इंजिनातला जाडपणा सांगतो. शंभर अंश तापमानाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (जाडपणा मोजायचं एकक) मध्ये असावं लागतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ च्या मध्ये. पाचशेचं ३० आणि नऊशेचं ३० या एकाच चौकटीत बसतात. पैसे जास्त दिले म्हणून ऑइल 'जाड' मिळत नाही, आणि मिळायलाही नको.

आमच्या धंद्यात जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल हा समज फार जुना आहे. माझे वस्ताद तसंच म्हणायचे, आणि त्यांच्या काळातल्या सैल बेअरिंगच्या इंजिनांना ते लागूही होतं. आजच्या पेट्रोल इंजिनात ऑइल फक्त वंगण राहिलेलं नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर फिरते, टायमिंग चेनचा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चेन ताणून धरतो. त्यांची भोकं सुईसारखी बारीक. तिथं थंड, जाड ऑइल उशिरा पोहोचतं आणि सकाळी सुरू करताना चेनचा खडखडाट ऐकू येतो. शिवाय जाड ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद जाते. मेहुण्यांच्या २०डब्ल्यू-४० ला माझा आक्षेप सगळ्यात आधी इथं आहे. त्यांच्या जुन्या जीपला कदाचित ते चालत असेल, तुमच्या कारसाठी ते बनवलेलंच नाही. मिस्त्रीचं ५डब्ल्यू-४० तेवढं वाईट नाही, पुष्कळ गाड्यांच्या पुस्तकात पर्याय म्हणून ते दिलेलं असतं. तुमच्या पुस्तकात नसेल तर घालायचं कारण काय, हे त्यानं तुम्हाला सांगायला हवं.

दर्जा म्हणजे एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची अक्षरं. एस नं सुरू होणारी पेट्रोलसाठी, सी नं सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा: एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. नवा दर्जा जुन्या पेट्रोल कारमध्ये चालतो, उलट चालत नाही. हा दर्जा मिळवण्यासाठी ऑइलची परीक्षा होते. ते खऱ्या इंजिनात घालून इंजिन स्टँडवर तासन् तास चालवतात, मग उघडून गाळ किती, पिस्टनवर थर किती, कॅम किती झिजला हे मोजतात. पाचशेचं एसपी आणि नऊशेचं एसपी दोन्ही ऑइलं याच परीक्षेला बसतात. बॅरलमधल्या सुट्या ऑइलवर एक तर काही लिहिलेलंच नसतं, नाहीतर एसएफसारखी जुनी पातळी असते. एसएफ ही १९८८ आणि त्याआधीच्या इंजिनांसाठीची पातळी आहे, असं एपीआयच सांगते. ते ऑइल आजही आपल्याकडच्या दुकानात मिळतं आणि लोक ते आजच्या गाडीत घालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाटलीवर एपीआयचा गोल शिक्का असेल तर त्या कंपनीनं परवाना घेतलेला असतो आणि तो एपीआयच्या यादीत शोधता येतो. नुसतं 'एसएन दर्जा पूर्ण करतं' असं छापलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो. मोठ्या, जुन्या कंपनीचा तो दावा मी मानतो. कालपरवा निघालेल्या नावाचा मानत नाही.

मग नऊशे रुपये कशाचे? ऑइलमध्ये बहुतांश भाग बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा, असतो आणि उरलेला रसायनांचा. मुंबईत माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत बेस ऑइल बनतं, पाताळगंगा आणि सिल्वासा इथं मोठमोठे ब्लेंडिंगचे कारखाने आहेत. रसायनांची तयार पॅकेजं जगभरात मुख्यतः चार कंपन्या पुरवतात: लुब्रिझॉल, इन्फिनियम, अॅफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. नावं दहा वेगळी असली तरी आतला माल बऱ्याच अंशी त्याच मोजक्या ठिकाणांहून येतो. किमतीत बाटली, जाहिरात, क्रिकेट आणि रेसिंगचं प्रायोजकत्व, आयात, डीलरचा नफा हे सगळं येतं.

'फुल सिंथेटिक' या शब्दाबद्दलही नीट समजून घ्या. पूर्वी सिंथेटिक म्हणजे प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं रेणू जोडून बनवलेलं पीएओ तेल. मग कच्च्या तेलातलाच भाग हायड्रोजननं खूप खोलवर शुद्ध करून जवळजवळ तितकंच चांगलं बेस ऑइल मिळायला लागलं. त्याला ग्रुप थ्री म्हणतात. त्याला सिंथेटिक म्हणावं का यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलमध्ये वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून हा शब्द सैल झाला. याचा तुम्हाला एक फायदाही आहे: नव्या दर्जाचं ५डब्ल्यू-३० बनवायला जुन्या पद्धतीचं मिनरल बेस ऑइल पुरत नाही, ते जास्त उडून जातं आणि थंडीत जड होतं. म्हणजे पाचशेचं योग्य दर्जाचं ५डब्ल्यू-३० घेतलंत तरी त्यात बहुतांश चांगलं शुद्ध केलेलं बेस ऑइलच असतं.

परीक्षा सोडा, रस्त्यावर काय होतं? याची एक जुनी चाचणी मला फार आवडते, कारण ती आमच्यासारखीच इंजिनं उघडून केली होती. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकानं न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींत नव्यानं बांधलेली इंजिनं बसवली, वेगवेगळ्या कंपन्यांची ऑइलं घातली आणि प्रत्येक टॅक्सी ६० हजार मैल, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटर चालवली. काहींचं ऑइल तीन हजार मैलांना बदललं, काहींचं सहा हजारांना. मग इंजिनं उघडून झीज मोजली. १९९६ मध्ये निकाल छापला: कंपनीनुसार लक्षात घ्यावा असा फरक नाही, आणि तीन हजार की सहा हजार यानंही फारसा फरक पडला नाही. यातली एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायची. टॅक्सी दिवसभर गरम असते, थंड इंजिन सुरू व्हायची वेळ क्वचित येते. मुंबईची काळी-पिवळी किंवा आमची वडापची जीप यांचंही तसंच. माझ्या टेबलावरचं ते दुसरं इंजिन या चाचणीत कुठेच बसत नाही.

आणि उलट बाजूही सांगतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननं २०१७ मध्ये प्रयोगशाळेत साधी आणि सिंथेटिक ऑइलं तपासली, तर सिंथेटिक सरासरी ४७ टक्के सरस निघाली. उष्णतेनं न सडणं, कमी उडणं, कमी थर साचणं, ताणाखाली पातळ न होणं, या गोष्टींत. दोन्ही निकाल खरे आहेत. सिंथेटिकची ताकद जास्त आहे, आणि साध्या इंजिनात, वेळेवर बदललेल्या ऑइलला त्या ताकदीची गरज पडत नाही. गरज कुठं पडते ते मात्र नीट पाहिलं पाहिजे, कारण तिथं कंजुषी केली की नुकसान मोठं.

पहिली जागा टर्बो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर आणि त्याहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्याच पातळ थरावर तरंगतो. शेजारी तापलेला एक्झॉस्ट. घाट चढून वर आलात आणि लगेच चावी बंद केलीत तर त्या जागेतलं ऑइल तिथंच भाजतं आणि कोळसा होतो. हलकं ऑइल लवकर भाजतं, चांगलं सिंथेटिक टिकतं. आंबोली किंवा करूळ घाट चढून आलात की मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. फुकटचा उपाय आहे.

त्यातही छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आली आहेत, हजार-बाराशे सीसीची. कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये जोरात पिकअप घेतला तर त्यांत ठिणगीआधीच पेट घेण्याचा प्रकार होतो, आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमचं प्रमाण जास्त असेल तर हा धोका वाढतो असं लक्षात आलं, म्हणून आधी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मग २०२० मध्ये एसपी दर्जा आला. चेनच्या झिजेची परीक्षाही एसपीत घेतली गेली. अशी गाडी असेल तर एसपी किंवा त्यापुढचा दर्जाच घ्या, दोनशे रुपये वाचवायला जुना स्टॉक घेऊ नका.

दुसरी जागा बीएस-६ डिझेल. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी जाळून टाकता येते. ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. त्यामुळे या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा सी३ दर्जा लिहिलेल्या ऑइलमध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के असते. वडापवाल्याचं ते सीआय-४ प्लस त्याच्या जीपला उत्तम होतं, पण या गाडीत घातलं तर फिल्टर वेळेआधी भरतो, आणि फिल्टरची किंमत ऐकून लोक खुर्चीत बसतात. आणखी एक: फिल्टर साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते साफ होणं अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालंय, बदलायला आणा.

तिसरी जागा म्हणजे ज्या गाड्यांच्या पुस्तकात कंपनीची स्वतःची मंजुरी मागितलेली असते, बहुतेक जर्मन गाड्या. तिथं पर्याय नाही, तो नंबर बाटलीवर असलाच पाहिजे.

स्प्लेंडरचं गणित अगदी वेगळं आहे आणि इथं लोक सर्वांत जास्त चुकतात. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडलेले असतात. कारच्या ऑइलमध्ये, विशेषतः पातळ ग्रेडच्या, इंधन वाचावं म्हणून निसरडेपणा वाढवणारी रसायनं असतात. एपीआयच्या शिक्क्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं असतं ते हेच. ती क्लच प्लेटवर बसली की क्लच घसरतो. माझ्याकडे एक तरुण आला होता, कारचं उरलेलं भारी ऑइल बाइकमध्ये घालून. जोतिबाच्या चढावर इंजिन ओरडत होतं, गाडी पुढे सरकत नव्हती. ऑइल दोनदा बदललं तरी प्लेटा बदलाव्याच लागल्या. म्हणून बाइकसाठी जपानचा जासो एमए किंवा एमए२ दर्जा बघायचा. स्कूटरला ओला क्लच नसतो, म्हणून अॅक्टिव्हासारख्यांना एमबी चालतं, तेच बाइकमध्ये घालू नका.

शिवाय गिअरचे दाते ऑइलमधल्या जाडपणा टिकवणाऱ्या पॉलिमरचे तुकडे करतात. त्यामुळे बाइकचं ऑइल लवकर पातळ होतं. आणि स्प्लेंडरच्या या जुन्या घडणीच्या इंजिनात कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि क्रँकवर फिरणारा, घाण बाहेर फेकून अडवणारा डबा आहे. तो साफ करायचा तर क्लचचं कव्हर उघडावं लागतं, म्हणून कुणी करत नाही. बारीक धातूची घाण ऑइलबरोबर फिरत राहते. अशा इंजिनात बाराशे रुपयांचं सिंथेटिक घालून ते दुप्पट चालवण्यापेक्षा साधं १०डब्ल्यू-३०, जासो एमए, नऊशे मिलीची बाटली घ्यायची आणि घाणीसकट लवकर काढून टाकायची, हे जास्त शहाणपणाचं. मी माझ्या ग्राहकांना तीन हजारांना बदला म्हणतो, ऊस वाहतुकीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना तर नक्कीच.

आता एक अशी गोष्ट जिच्यापुढे ब्रँडची चर्चा फिकी पडते. नकली ऑइल. महाग ऑइल नकली करण्यात जास्त पैसा आहे, म्हणून तेच जास्त होतं. वापरलेलं काळं ऑइल गाळून, रंग घालून, खऱ्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरतात. एका ग्राहकानं रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत नामांकित सिंथेटिक आणलं होतं. मी झाकण उघडून हुंगलं तर डिझेलसारखा वास. त्यांना ते घालू दिलं नाही, ते थोडे नाराज झाले. पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून घ्या, बिल घ्या, सील तुमच्यासमोर तोडायला सांगा, आणि रिकाम्या डब्याला तिथंच भोक पाडा. माझ्या गॅरेजात हा नियम आहे. ज्या गॅरेजात रिकामे डबे नीट रचून ठेवलेले दिसतात, तिथं ते कुठं जातात हे विचारायला कचरू नका.

लोक आणखी दोन गोष्टी विचारतात, त्या पटकन सांगतो. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. काजळी अंगावर घेऊन तरंगत ठेवणं हेच त्याचं काम, डिझेलमध्ये ते काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. बोटांवर चोळून ऑइलचा दर्जा कुणालाही कळत नाही, मलाही नाही. आणि मिनरल व सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर इंजिन फाटत नाही. सेमी-सिंथेटिक म्हणजे तेच मिश्रण. रस्त्यात ऑइल कमी झालं आणि तुमचं मिळालं नाही, तर त्याच दर्जाचं कोणतंही घालून घरी या. कमी ऑइलवर चालवणं त्याहून कितीतरी वाईट.

आता तुमच्या कारचा हिशेब करू. साडेतीन लिटरला बॅरलचं ऑइल १,०५० रुपये, योग्य दर्जाचं ५डब्ल्यू-३० सुमारे १,७५०, इम्पोर्टेड ३,१५०. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. मधल्या आणि महागड्यात फरक १,४०० रुपये, म्हणजे किलोमीटरला चौदा पैसे. परवडत असेल आणि मनाला बरं वाटत असेल तर खर्च करा, फक्त ५डब्ल्यू-३० च मागा आणि मुदत वाढवू नका. बॅरल आणि मधल्यात फरक ७०० रुपये. पण दहा हजार किलोमीटरला, अठराचं अॅव्हरेज धरून, ५५५ लिटर पेट्रोल लागतं, १०५ रुपयांनी ५८ हजारांच्या वर. जाड ऑइलनं एक टक्का जरी जास्त प्यायलं तरी ५८० रुपये गेले. मेहुण्यांची बहुतेक बचत पंपावरच संपली, इंजिनाची झीज धरलीच नाही. त्या वाचलेल्या १,४०० मधून चांगला ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर घ्या. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालायला सांगा, वीस-तीस रुपयांचा असतो, आणि त्याच्याविना थेंब थेंब गळून कित्येक इंजिनं कोरडी झालेली मी पाहिली आहेत.

आणि महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, गाडी सपाटीवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि बघा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. स्प्लेंडर मेन स्टँडवर सरळ उभी करायची आणि तिची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. फिरवून घट्ट केलीत तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.